सोनाबाईचा शेंदूर

सोनाबाईच्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. आदिलाबाद भागात, गुडीहत्नूरच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या गावात तिनं नवऱ्यामागं कापूस-ज्वारीचं शेत एकटीनं राखलं, पोरगा गोपाल मार्गी लावला आणि भावकीतल्या एकालाही बांध सरकवू दिला नाही. असली खमकी बाई, पण सरकारच्या दारात तिचं काही चाललं नाही.

शेताच्या कोपऱ्यात मोहाच्या झाडाखाली इमाम पिंजाऱ्याची कबर होती. गावात मुसलमानाचं घर ते एकच; गाद्या-रजया भरून पोट भरणारं. इमाम गेला तेव्हा सोनाबाईचा नवरा म्हणाला, "आमच्या वावरातच राहू द्या त्याले." ना कागद, ना सही. आणि इमामच्या बायकोला, रसूलबीला, सोनाबाईनं त्याच दिवशी शब्द दिला, की तुझी जागा त्याच्या बाजूला. सोनाबाई बाळंतपणात तापानं पडली होती, तेव्हा गोपालला स्वतःच्या पोरीबरोबर रसूलबीनंच अंगावर पाजलं होतं. त्या दुधाची जाण सोनाबाईला होती, पिणाऱ्याला नव्हती.

गोपालला त्या कोपऱ्यात धाबा टाकायचा होता. "कबरीपाशी कोन जेवाले बसन?" तो म्हणायचा. शेत आईच्या नावावर म्हणून तो दमानं घेत होता, एवढंच. आपण गेल्यावर हा काय करणार, ते सोनाबाईला स्वच्छ दिसत होतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती तेवढा कोपरा कबरस्तानाला लिहून द्यायला तालुक्याच्या कचेरीत गेली.

कारकून माणूस भला होता. "अम्मा, हे वक्फ झालं. नवीन कायदा आलाय. देणारा मुसलमान पाहिजे, तोही पाच वर्षं धर्म पाळणारा."

"आन् आधी?"

"आधी हिंदूलाही देता येत होतं. आता ट्रस्ट करा, वकील लावा."

"जमीन माही, शब्द माहा. मंग सरकार माहा धरम काऊन इचारते?"

कारकुनानं दुसऱ्याला पुढं बोलावलं. सोनाबाई तशीच तणतणत तिथल्याच मशिदीत गेली आणि दारातूनच मौलवीसाहेबांना म्हणाली, "पाच वर्सं नमाज पडतो मी. शिकवा मले." त्यांनी घाबरून हात जोडले. "बाई, हे पुन्हा कुठं बोलू नका. बाईला बाटवलं म्हणून उद्या आमच्यावर केस होईल."

पावसाळ्याआधी गोपालनं जेसीबी आणला. आईला सांगितलं, नुसतं वावर सपाट करून राह्यलो. सोनाबाईला एकच तोड सुचली. पहाटे उठून तिनं तेलात शेंदूर कालवला आणि इमामच्या उशाच्या दगडाला फासला.

जेसीबीवाल्यानं दगड पाहिला, चपला काढल्या, पाया पडला आणि मशीन वळवून निघून गेला. गोपालचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संध्याकाळी दोघी म्हाताऱ्या पोट धरधरून हसल्या. "इमामभाईले देव केलं मी," सोनाबाई म्हणाली. रसूलबी डोळे पुसत म्हणाली, "त्याले नारळ लई आवडे. दे आणून एखांदा."

नारळ इतरांनीच आणले. मग झेंडा आला, मग पत्र्याचं छप्पर, मग पोरांचं मंडळ. मंडळाचा अध्यक्ष गोपाल. देवळाशेजारी धाबा काय चालला म्हणता! कबरीजवळ जेवायला जे गिऱ्हाईक बसणार नव्हतं, ते आता गाड्या थांबवून हात जोडून बसू लागलं.

हिवाळ्यात रसूलबी गेली. सोनाबाई कुदळ घेऊन मोहाखाली उभी राहिली.

"आजी, देवाजवळ मुडदा गाडता का?" मंडळाचा एक पोरगा म्हणाला.

"देव नोहे तो. इमाम पिंजारी हाय. शेंदूर म्या फासला."

पोरं एकमेकांकडं बघून हसली. म्हातारीचं डोकं फिरलं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. तिनं गोपालकडं पाहिलं. इमामच्या मातीला तो स्वतः खांदेकरी होता. तो खाली बघून म्हणाला, "आई, घरी चाल."

मग ती दगडाकडं धावली आणि नखांनी शेंदूर खरवडू लागली. गोपालनं तिचे हात धरले. "देवाची इटंबना केली म्हनून केस होईन आई. कायदा हाय."

रसूलबीला टेम्पोत घालून आदिलाबादला नेलं. तिथं तिच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपालनं आरतीचं ताट आणून आईच्या हातात दिलं. तिच्या नखांत अजून शेंदूर होता. "पयला मान तुहाच, आई," तो म्हणाला. "देव तुलेच सापडला ना."