शिवड्याच्या मापाचं जाळं

तातेराव जालन्याच्या मोंढ्यात मापाडी होते. ज्वारीचं पोतं काट्याला लागलं की त्यांचा आवाज चढायचा. मोजताना ‘एक’ म्हणायचं नाही, पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणायचं आणि तिथून पुढं दोन, तीन, ही मोंढ्याची रीत. महिनाभर असं ओरडून घसा बसला की अवस यायची आणि मोंढा बंद राहायचा. बाकीचे मापाडी त्या दिवशी झोपा काढत. तातेराव मात्र पहाटेची यष्टी धरून शहागडला गोदावरीवर गळ टाकायला जात. अवसेला नदीवर जाऊ नये, असं जुन्या जालन्यातल्या त्यांच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. “आपण छप्पन सालीच दीक्षा घेऊन सुटलो त्यातून, मावशी,” असं हसून सांगत ते काठी खांद्यावर घ्यायचे.

वाटेत वडीगोद्री लागे. तिथं त्यांचे थोरले भाऊ अप्पाराव यांचं शिवणकामाचं दुकान होतं. अवसेच्या सकाळी अप्पाराव भाकरीचं फडकं घेऊन थांब्यावर उभे असत. बोलावणं धाडायचा प्रश्नच नव्हता. यष्टी थांबायची, अप्पाराव चढायचे, “सरक” म्हणायचे आणि तातेराव सरकायचे. आईचं आजारपण, पोरांच्या शाळा, घराची भिंत, दोघा भावांचं जे काही बोलणं व्हायचं ते नदीच्या काठावर, पाण्याकडं बघत. घरी समोरासमोर बसले तर दोघांनाही काही सुचत नसे.

कामाची वाटणी ठरलेली होती. काठी तातेरावांनी धरायची, आणि मासा काठाशी आला की गुडघाभर पाण्यात उभं राहून अप्पारावांनी तो हातानं उचलायचा. लहानसहान माशाला काही वाटत नसे. पण शिवडा म्हणजे वेगळंच प्रकरण. अंगावर खवलं नाहीत, हात ठेवावा तिथं निसटतो. जबडा रुंद, आत बारीक दातांच्या ओळी, आणि वाढला तर पोरासोराएवढा लांब. गेल्या हिवाळ्यात अशाच एका शिवड्याला उचलताना त्यानं उलटी मुरड मारली. तोंडातला गळ सुटला तो थेट अप्पारावांच्या उजव्या पंज्यात गेला. मासा गेला. अंबडच्या दवाखान्यात टाके पडले आणि दोन महिने अप्पारावांना मशीनवर बसता आलं नाही.

हात बरा झाला. पण त्यानंतरच्या अवसेला वडीगोद्रीच्या थांब्यावर अप्पाराव दिसले नाहीत. पुढच्या अवसेला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. यष्टी थांबायची, तातेराव खिडकीतून मान बाहेर काढायचे, कंडक्टर घंटी मारायचा.

तातेरावांना काही उमगेना. भाऊ माशाला भ्याला? का आपल्यावर रागावला? का चांगुणावहिनींनी शपथ घातली? भीती असेल तर तिला उपाय होता. पाण्यात हातच घालावा लागणार नाही असं एखादं दांड्याचं जाळं घ्यायचं, मासा खालून उचलायचा. वहिनींनाही ते दाखवता आलं असतं. राग असेल तर मात्र जाळ्याचा काय उपयोग? पण रागावर काय करतात हे तातेरावांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी जाळ्याचंच मनावर घेतलं. पावसाळ्याआधीची शेवटची, वैशाखातली अवस काही लांब नव्हती. पाणी चढलं की दिवाळीपर्यंत नदी बंद. तेवढ्यात दादा आला नाही तर तो कायमचाच सुटला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

मोंढ्यातला हमाल मच्छिंद्र म्हणाला, “तात्या, शाळंत पोरं फूल मारून खेळतेत ना, ते बॅडमिंटनचं जाळं घ्या. बिलकुल तुटत न्हाई.”

“शिवडा काय फूल हाये का?”

“मंग बैलाचं मुसकं घ्या. बैलाचं तोंड मावतंय, तर माशाचं मावंना?”

तातेरावांनी हसण्यावारी नेलं खरं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना मुसकं बरोबर वाटू लागलं, आणि सकाळी पुन्हा हास्यास्पद. शेवटी त्यांनी खेळाच्या सामानाच्या दुकानातून जुनं बॅडमिंटनचं जाळं आणलं आणि सायकलवाल्याकडून एक मोडकी रिम आणली. बायको गिरिजाबाई दारात भांडी घासत होती.

“आता चाकावर बसून जाता का शहागडला?”

“ह्याला जाळं बांधायचंय.”

“पोतं बांधा की. मोंढ्यात पोत्याला काय तोटा?”

हेही तातेरावांना पटलं. पोतं जवळचं, ओळखीचं. त्यांनी रिमला पोतं टाचून हौदात बुडवून पाहिलं. पाणी भरून ते इतकं जड झालं की उचलताना त्यांचाच तोल गेला. गिरिजाबाई पदर तोंडाला लावून घरात गेली.

चैत्राच्या अवसेला ते एकटेच शहागडला गेले. काठी त्यांनी टाकलीच नाही. नावेला डांबर लावत बसलेल्या रखमाजी भोयापाशी जाऊन बसले.

“रखमाजीबुवा, शिवड्याला कसलं जाळं लागतंय?”

“सुताचं घ्या. भोकं मोठी ठेवा. बारीक भोकात त्याचे दात अडकतेत.”

“मोठ्या भोकातून निसटला तर?”

“पिलू हाये का ते निसटायला?”

“अन् दांडा? लांब का आखूड?”

“धरणारा कोण हाये त्याच्यावर हाये.”

दादा उभा राहायचा त्या पाण्याकडं तातेराव पाहू लागले. रखमाजीनं त्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि जुन्या जाळ्याचा, झाडाच्या सालीच्या रंगात बुडवून काळपट झालेला एक तुकडा काढून दिला. पैसे घेतले नाहीत. “भाऊ कुठं हाये तुमचा?” एवढंच विचारलं.

“काम लई हाये त्याला,” तातेराव म्हणाले.

आता घरात दोन जाळी, एक रिम आणि एक वेळूचा दांडा झाला. कोणतं कशाला जोडावं याचा निकाल लागेना. तेव्हा तातेरावांनी आपल्या धंद्यातला मार्ग धरला. ते काम करत त्या शेटजींच्या दुकानातल्या तुळईला दोन्ही जाळी पाळीपाळीनं टांगली आणि त्यात ज्वारीची अर्धी गोणी सोडली. बॅडमिंटनचं जाळं करकरलं पण टिकलं. रखमाजीचं जाळं आवाजही न करता टिकलं. तातेरावांनी दोन्हींत पाऊण गोणी घातली. दोन्ही टिकली. भरली गोणी घातली. दोन्ही टिकली. हमाल काम सोडून भोवती जमले.

“मापात दोन्ही बराबर हायेत, तात्या,” मच्छिंद्र म्हणाला. “आता काय करता?”

काय करायचं तेच कळत नव्हतं. आयुष्यभर जे काट्यावर कळलं नाही असं तातेरावांना काही भेटलं नव्हतं.

वैशाखाच्या अवसेला चार दिवस उरले असताना ते शेटजींकडं अर्ध्या दिवसाची सुटी मागून दुपारच्या यष्टीत बसले. सोबत रिम, दोन्ही जाळी आणि दांडा. वडीगोद्रीला ते उतरले. या थांब्यावर आपण कितीतरी दिवसांत उतरलोच नाही, हे त्यांच्या तिथं लक्षात आलं.

अप्पाराव मशीनवर होते. चांगुणाबाई बाजूला बसून बटणं लावत होती.

“जयभीम, वैनी.”

“जयभीम, भावजी. हे काय घेऊन आलाव? सायकल मोडली का?”

अप्पारावांनी मशीन थांबवली नाही. तातेरावांनी सामान चटईवर मांडलं आणि वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरून म्हणाले, “दादा, ह्यातलं कोणतं बराबर हाये, मला कळंना.”

“कशाला?”

“शिवड्याला.”

मशीन थांबली. चांगुणाबाईची सुईही थांबली. अप्पारावांनी बॅडमिंटनचं जाळं उचललं, उजेडात ताणलं, खाली टाकलं. मग रखमाजीचं घेतलं.

“तपासलंस का?”

“तपासलं. भरली गोणी घातली. दोन्ही टिकले.”

“गोणी!” अप्पाराव चांगुणाबाईकडं वळले. “ऐक ग. माशाला जाळं घ्यायचं अन् ह्यानं ज्वारी मोजली.” मग तातेरावांना म्हणाले, “अरे, गोणी टाकली तिथं पडून राहती. मासा पडून राहतो का? तो वळतो. त्याला वळायला पोट लागतंय जाळ्याला. हे तुझं खेळायचं जाळं म्हंजी नुसती पट्टी. मासा आत आला की बाहेर.”

“मंग रखमाजीचं?”

“सूत चांगलं हाये. कापून जोडावं लागंल. वर रुंद, खाली निमुळतं, झबल्यासारखं.” त्यांनी रिम फिरवून पाहिली. “नेफा घातला तर ह्या धारेवर घासून फाटंल. आऱ्यांच्या भोकातून दोरा ओवू.”

उजव्या पंज्यावरचा व्रण अंगठ्यापासून मनगटाकडं गेलेला होता. तातेरावांची नजर तिथं गेली आणि अप्पारावांनी ती पाहिली.

“दुखतंय का अजून?”

“आता इचारून राह्यलास?”

तातेरावांनी व्रणावरून नजर काढली. म्हणाले, “तू आलाच न्हाईस नंतर. मला वाटलं, भ्यालास. न्हाईतर रागावलास. न्हाईतर वैनींनी…”

“माझं नाव घेऊ नका,” चांगुणाबाई म्हणाली. “मी कव्हाच अडवलं न्हाई. दर अवसेला भाकरी बांधून ठेवली. दुपारी मीच खाल्ली.”

“दर अवसेला यष्टी थांबायची,” अप्पाराव दोरा दातानं तोडत म्हणाले. “मी हितूनच बघायचो. तू खिडकीतून मान काढायचास. एक डाव तरी खाली उतरलास का? हात कसा हाये, जिता हायेस का मेलास, इचारलं का?”

“यष्टी सुटली असती ना.”

बोलून गेल्यावर तातेरावांना आपलंच बोलणं विचित्र वाटलं. ते जाळ्याच्या टोकाशी चाळा करत बसले. अप्पारावांनी रखमाजीचं जाळं मशीनकडं ओढलं.

“ते टोक ताणून धर,” ते म्हणाले. “सैल धरू नको. आन् चहा ठिव ग.”

संध्याकाळच्या शेवटच्या यष्टीपर्यंत जाळं पुरं झालं. ते वडीगोद्रीतच ठेवून तातेराव परतले. दादा येणार की नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि अप्पारावांनीही सांगितलं नाही. चार दिवस मोंढ्यात त्यांचं माप दोनदा चुकलं.

अवसेच्या सकाळी यष्टी वडीगोद्रीला थांबली. तातेराव या वेळी खिडकीतून डोकावले नाहीत. जागा सोडून दारापर्यंत गेले आणि खालीच उतरले. समोर अप्पाराव भाकरीचं फडकं आणि ते भलंमोठं जाळं घेऊन कंडक्टरशी हुज्जत घालत होते. जाळ्याचं अर्धं तिकीट पडेल, असं कंडक्टरचं म्हणणं होतं.

“चढ की. उतरलास कशाला?” अप्पाराव म्हणाले.

डोहावर ऊन चढेपर्यंत काही झालं नाही. मग गळाला लावलेला बेडूक एकदम खाली ओढला गेला आणि काठी वाकली. तातेरावांनी दोरी दिली, घेतली, पुन्हा दिली. शेवटी पाण्याखाली करडी पाठ दिसली. शिवडाच होता, आणि चांगला मोठा.

“जाळं घाल! दादा, घाल!”

“वरडू नको. मी जाळं हलवणार न्हाई. तू त्याला आण.”

अप्पाराव गुडघाभर पाण्यात दांडा बगलेत धरून उभे राहिले, कपडा कापायच्या आधी थांबतात तसे. मासा दमून तोंडाकडून जाळ्यावर आला. त्यांनी नुसता दांडा वर केला. मासा जाळ्याच्या पोटात गेला, तिथं त्यानं मुरड मारली, पण पोट खोल होतं. दोघांनी मिळून दांडा ओढत जाळं वाळूवर आणलं.

आणि मग दोघंही उभेच राहिले.

शिवड्यानं आत इतक्या गिरक्या घेतल्या होत्या की सूत त्याच्या जबड्यात, दातांत, कल्ल्यांत गुंतलं होतं. गळाचं टोक ओठातून बाहेर येऊन जाळ्याच्या गाठीत रुतलं होतं. मासा उडी मारी तसं ते टोक उन्हात चमके. मासा जाळ्यात घ्यायचा कसा याचा सल्ला सगळ्यांनी दिला होता. जाळ्यातून काढायचा कसा हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि तातेरावांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

अप्पारावांचा उजवा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच थांबला. तातेरावांनी ते पाहिलं.

“सरक. मी काढतो.”

“तुला जमायचं न्हाई. बोटं घालून बसशील.”

“मंग तूही घालू नको.”

“मंग काय करायचं? बघत बसायचं?”

मासा तडफडला. दोघंही मागं सरले. अप्पारावांनी क्षणभर विचार केला, पिशवीतून कपडा बेतायची कात्री काढली आणि जाळ्याच्या तळापासून सरळ वरपर्यंत चालवली.

“अरे दादा! जाळं!”

“जाळं काय. मीच शिवलंय.”

फाटलेल्या जाळ्यातून मासा वाळूवर घसरला. गळाची दोरी कापली तेव्हा कुठं त्याला काठीनं दाबून धरता आलं. कुणाच्या हाताला काही झालं नाही. तातेराव चिंध्या झालेलं जाळं उलटसुलट करून पाहत राहिले. मोंढ्यातले सल्ले, सायकलवाला, रखमाजी, ज्वारीची गोणी, आणि आता हे.

“म्हंजी हेही चुकलंच की,” ते म्हणाले. “भोकं अजून मोठी पाहिजे व्हती? का बारीक?”

“मला काय ठावं? मी झबली शिवतो.” अप्पारावांनी कात्री धोतराला पुसली. “दुसरं शिवू. पण तुझ्याशिवाय टोक धरायला हितं कुणी न्हाई. सोमवारी ये.”

“सोमवारी मोंढा असतो.”

“सांजच्या यष्टीनं ये. मुक्कामाला.”

“सोमवारी अवस न्हाई, दादा. अन् आता पाऊस लागंल, दिवाळीपतोर नदीच न्हाई.”

“मी नदीचं म्हणालो का?”

तातेराव गोंधळून त्यांच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, “गिरिजालाही आणू का?”

“आण की,” अप्पाराव म्हणाले आणि मासा गुंडाळायला भाकरीचं फडकं सोडू लागले.