मागच्या रांगेतला ट्रम्पेटवाला

नेरूळला केबल आली, तेव्हा शिरवण्याचे एक गृहस्थ संध्याकाळी आमच्याकडे अमेरिकन विनोदी कार्यक्रम बघायला यायचे. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचे. इंग्रजीचा गंध नव्हता, पण जोक सांगणाऱ्याकडे ते बघतच नसत. नजर कायम त्याच्यामागच्या बँडवर.

"आता तो ट्रम्पेटवाला हसंल," म्हणायचे. तो हसायचाच.

"जोक कळला तुम्हाला?"

"कळायचं काय त्यात, वैनी? आमचा निवेदक पन रोज आमच्यावरच तोच जोक मारायचा. आमी रोज हसायचो."

एकदा पाहुण्यांसमोर ह्यांनी माझ्या स्वयंपाकावरचा नेहमीचा विनोद केला. सगळे हसले, मीही हसले. त्या गृहस्थांनी टीव्हीवरून नजर हटवून माझ्याकडे बघितलं.

निघताना चपला घालत ते हळूच म्हणाले, "वैनी, टायमिंग बरोबर हाय तुमचं."