रामल्यातून एक दिवा

इस्रायलमधल्या रामल्याच्या वाचनालयात संगणकाच्या पाळ्यांची यादी मी ठेवायचे. प्रत्येकाला अर्धा तास. दर मंगळवारी एक मावशी येत. जोडीदार गमावलेल्यांच्या इंटरनेटवरच्या गटात एका बोटाने टाइप करत बसत.

नवऱ्याच्या पहिल्या स्मरणदिनी त्यांनी लिहिलं, "संध्याकाळी त्यांच्यासाठी एक दिवा लावा." ओफाकिम, किर्यात गात, हैफाहून 'लावतो' अशी उत्तरं आली. मावशी बोटं दुमडत मोजत होत्या.

"सिनेगॉगात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, बाय. माझ्या घरात एकही उरला नाही. हेच माझे दहा."

नऊ झाले आणि पाळी संपली. मी घड्याळ दाखवलं. दुमडायचं राहिलेलं बोट त्यांनी वर धरलं.

मी यादी बाजूला ठेवली, शेजारच्या संगणकावरून त्याच गटात लिहिलं, "रामल्यातून एक."

"दहा!" मावशी हसल्या. "आता ऊठ, तुझा दिवा आणायला चल. दुकानं बंद होतील."