चार गिअर मागे, एक पुढे

पानाकाकांनी कारखान्यात फिटर म्हणून छत्तीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात एकही नट अर्धवट आवळून सोडला नाही. पाना हातात नसला तर खिशात असायचा, म्हणून गल्लीत हे नाव पडलं. खरं नाव फक्त टपालवाल्याला माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी भंगारवाल्याकडून एक जुनी गाडी ओढून आणली. गोल दिवे, लांब नाक, आणि नाकाखाली नुसती पोकळी. इंजिन आधीच कुणीतरी काढून नेलं होतं. त्या दिवशी काका भलतेच खुशीत होते. खुशीत माणूस बोलू नये ते बोलतो.

"आता तुझी बस बंद," ते बायकोला म्हणाले. "संध्याकाळी तुला या गाडीतून घरी आणतो की नाही बघ."

काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होत्या. त्यांनी गाडीच्या नाकात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." मग अकरा वर्षं बसनेच आल्या. एकदाही विषय काढला नाही. काकांना तेच जास्त टोचायचं.

येत्या शुक्रवारी काकू निवृत्त होणार होत्या. म्हणजे शब्द पाळायला शुक्रवारची संध्याकाळ शेवटची होती.

इंजिन मिळालं होतं दोन महिन्यांपूर्वी, एका मोडीत काढलेल्या बोटीतलं. बोटीला अशी दोन होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवं आधीच खपलं होतं. काकांनी डावं उचललं.

ते बसवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. इंजिनाची भोकं गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात. काकांनी जाड लोखंडाची चकती कापली, कानशीने घासली, बावीस भोकं पाडली आणि दोघांची सोयरीक जुळवली. त्यात गिअरबॉक्स चार बोटं मागे सरकला, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट चार बोटं कापून पुन्हा जोडावा लागला. क्लच आधी सुटेना, मग धरेना. तोही वठणीवर आणला. पंख्याची हवा इंजिनाकडे यायची सोडून पुढे रस्त्यावर जात होती. काकांनी उलट्या पिळाची नवी पाती बनवून बसवली. चार तास गेले. काम इतकं देखणं झालं की चहा घेताना ते तिकडेच बघत होते.

मंगळवारी सकाळी गाडी पहिल्यांदा चालवायची ठरली. शेजारचा बसवाला साक्षीदार म्हणून आला. त्याने तीस वर्षं बस चालवली होती आणि तेवढीच वर्षं काकांची टिंगल केली होती.

काकांनी पहिला गिअर टाकला, क्लच हलकेच सोडला, आणि गाडी मागे जाऊन पाण्याच्या पिंपावर आदळली.

"रिव्हर्स पडला रे," बसवाला म्हणाला.

"पहिलाच टाकलाय."

"मग दुसरा टाक."

दुसऱ्यात गाडी आणखी जोरात मागे गेली. पिंप आडवं झालं. काकांनी तिसरा टाकून बघितला नाही, मागे भिंत होती. शेवटी रिव्हर्स टाकला. गाडी किंचाळत, मुंगीच्या पावलांनी पुढे आली.

बसवाला पायरीवर बसला. त्याला उभं राहून हसणं जमेना.

"लेका, मागे जायला चार गिअर आणि पुढे यायला एक! ही गाडी नाही, आपली सोसायटी आहे!"

काकांनी पाना काढला. गिअरबॉक्स खाली उतरवला. उताणं झोपून, छातीवर पेलून, एकट्याने. उघडला, दात न् दात तपासला. दोष नाही. पुन्हा चढवला. गाडी पुन्हा मागे. बुधवारी पुन्हा उतरवला. पाठीतून कळ आली तेव्हा तेवढ्यापुरतं बसले. पुन्हा दोष नाही, पुन्हा चढवला, पुन्हा मागे. दोन्ही वेळा सगळे बोल्ट नियमाप्रमाणे आवळले. चुकीचं काम असलं म्हणून बोल्ट ढिला ठेवायचा, हे त्यांच्या रक्तात नव्हतं.

गुरुवारी काकू कामावरून आल्या तेव्हा काकांचे नुसते पाय गाडीखालून बाहेर दिसत होते.

"अहो, चहा."

"गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे," पाय म्हणाले.

काकू पिंपावर बसल्या. "आमच्याकडे मागे एका मशीनला नवी मोटर बसवली. ड्रम उलटाच फिरायला लागला. चादरींच्या गाठी पडल्या सगळ्या. ड्रम उघडून बघितला, पट्टा बघितला. शेवटी कळलं, मोटरच उलटी फिरत होती."

"मोटरीचं वेगळं. तिथे तारा बदलतात."

"तुमचं इंजिन कुठल्या बाजूला फिरतं?"

"इंजिनं सगळी एकाच बाजूला फिरतात. तसा दंडकच असतो."

"बरं," काकू म्हणाल्या. "पंखा का उलटा करावा लागला मग?"

पाय हलायचे थांबले.

मग काका सरपटत बाहेर आले आणि इंजिन चालू करून समोर उभे राहिले. जगातल्या सगळ्या गाड्यांचं जिकडे फिरतं, त्याच्या बरोबर उलट हे फिरत होतं. बोटीत दोन इंजिनं असली की एक मुद्दाम उलटं फिरवतात, नाहीतर बोट एका अंगाला ओढते. हे त्यांना कारखान्यात लागण्याआधीपासून माहीत होतं. पंख्याने तर तोंडावर सांगितलं होतं. काकांनी पंख्यालाच सरळ केलं.

"चार तास," ते म्हणाले. "चार तास मी ती पाती बनवत होतो."

"छान झालीत पण," काकू म्हणाल्या आणि त्यांनी कप पुढे केला.

उपाय होता. मागच्या दोन चाकांच्या मधला दातांचा गोळा उलटा करून बसवायचा, म्हणजे वरची बाजू खाली. मग चाकंही उलटी फिरतील आणि सगळं सरळ होईल. चाकं काढायची, दांडे ओढायचे, गोळा उतरवायचा, गास्केट कापायचं, तेल नेहमीपेक्षा वर भरायचं. नीट केलं तर दीड दिवस. हातात होता अर्धा.

शुक्रवारी सकाळी बसवाला आला. "मी येतो मदतीला. चारपर्यंत उडवून टाकू. थोडं इकडेतिकडे राहिलं तर राहिलं."

"इकडेतिकडे राहिलं म्हणजे?"

"म्हणजे चार नट नंतर आवळ."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पायरी मागे सरकला.

"मग असं कर," बसवाला म्हणाला, "उलटाच जा. चार गिअर आहेत, सुसाट जाशील. मी मागे बघून सांगतो."

"अकरा वर्षांनी बायकोला घरी आणायचं, ते पाठमोरं?" काका म्हणाले. "पुढचा एक आहे ना. त्यानेच जाणार."

इस्पितळ सहा किलोमीटरवर. पाचला सुट्टी. काका साडेतीनला निघाले.

फाटकाशी पोचले तेव्हा पाचला पाच कमी होते. धुलाईखान्याच्या बायका काकूंना निरोप द्यायला बाहेर आल्या होत्या. गाडीचा किंचाळता आवाज ऐकून दोन नर्सही धावत आल्या, कुणाला काय झालं म्हणून.

"भाऊजी, गाडी नवीन?" एकीने विचारलं.

"जुनी आहे. मीही जुना आहे. बसा तुम्ही," काका काकूंना म्हणाले. इतक्या लोकांसमोर अगं म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

काकू बसल्या. पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली. गाडी निघाली आणि बायका शेजारून चालत निघाल्या. चालता चालता त्यांच्या गप्पाही चालू राहिल्या.

भानगड पुढेच होती. गिअर रिव्हर्सचा, म्हणून मागे पांढरा दिवा लागलेला. त्याची तार काढायचं काका विसरले होते. मागच्या प्रत्येकाला वाटलं, म्हातारा आता मागे येणार. सगळे दबकून लांब थांबले. चौकात एका पहारेकऱ्याने तर शिट्टीच फुंकली. "या, या, मागे या! अजून या! भरपूर जागा आहे!" गाडी पुढे जात राहिली, तो मागे बोलवत राहिला. शेवटी त्याने शिट्टी तोंडातून काढली आणि टोपीही काढली.

"काय म्हणत होता तो?" काकूंनी विचारलं.

"सलाम केला तुला."

बाजाराच्या रस्त्याला काकू म्हणाल्या, "पालक घ्यायचाय."

"थांबलो तर गर्दीत पुन्हा निघता येणार नाही."

"थांबा कोण म्हणतंय?" काकू चालत्या गाडीतून उतरल्या, दोन जुड्या निवडल्या, एक परत केली, दुसरी घेतली, आणि दहा पावलं भराभर चालून पुन्हा आत बसल्या. दार लावताना म्हणाल्या, "हे बसमध्ये जमत नाही."

मग रोजची बस आली आणि पुढे गेली. खिडकीतून ओळखीची डोकी बाहेर आली. काकूंनी हात केला. बसमध्ये सगळे उभे होते, लोंबकळत होते. काकूंनी पाय लांब केले.

इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढत होता. काकांचं एक लक्ष काट्यावर, एक रस्त्यावर. काटा रेघेच्या अलीकडे एक केसभर थांबला. नव्या पात्यांनी काम केलं, असं ते मनात म्हणाले.

सव्वासहाला गाडी दारात उभी राहिली. बसने पंचवीस मिनिटं लागत. बसवाला पायरीवर वाट बघत होता, त्याच्या तोंडात टोमणा तयार होता. काकूंचा चेहरा पाहून त्याने तो गिळला.

काकांनी इंजिन बंद केलं. "सोमवारी चाकं काढतो," ते म्हणाले. "आठवडाभरात पुढे चार गिअर. मग दहा मिनिटांत घरी."

"कुठून?" काकू म्हणाल्या. "माझी नोकरी संपली की आज."

हा हिशेब काकांनी केलाच नव्हता.

"काढा चाकं सोमवारी," काकू पालकाची जुडी त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "घाई करू नका. आता आपल्याला कुठे वेळेवर पोचायचंय?"