सुरंगीच्या बाळंतपणाला सहदेव ड्रायव्हर

सहदेव मोहिते एस.टी.तून निवृत्त झाला तेव्हा वाडीला वाटलं, आता हा माणूस ओटीवर निवांत बसेल. तो बसलाही, पण पाय स्वस्थ राहीनात. आयुष्यभर घाटातली वळणं कापलेली. बसल्या जागी उजवा पाय ब्रेक शोधत जमिनीवर आपटायचा. त्याची बायको शालन भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "अवो, गाडी कवाच डेपोत गेली. पाय थांबवा आता."

अशात एक दिवस सावर्ड्याच्या बाजारातून एक कुत्री त्याच्या मागोमाग घरापर्यंत चालत आली. तांबूस पिवळी, तोंडाशी काळी, कान उभे. सुरंगीच्या पिवळ्या फुलांच्या वळेसरांचे, गजऱ्यांचे दिवस होते, म्हणून शालनने तिचं नाव ठेवलं सुरंगी.

वर्ष उलटायच्या आत सुरंगीला आपलं काम सापडलं. माकडं. बाकीची कुत्री माकडांवर भुंकतात आणि माकडं वर बसून त्यांना दात दाखवतात. सुरंगी भुंकण्यात वेळ घालवत नसे. कळप काजूच्या कलमांत उतरला की ती अशी सुटायची की तो थेट ओढ्याच्या, पऱ्याच्या पलीकडे जाऊनच थांबायचा. दोन वर्षं मोहित्यांच्या काजूला आणि चवळीला माकडाचा हात लागला नाही. शेजारच्या बागेतला रावजी, खरं तर तोंडातून कौतुकाचा शब्द न काढणारा म्हातारा, बांधावर उभा राहून म्हणाला, "सदेवा, हिच्या पोटचं एक पिल्लू माला दे."

सहदेव खूश झाला. खूश झाला की तो हो म्हणतो. तो रावजीला हो म्हणाला, वरच्या घरच्या सखूला हो म्हणाला, शाळेच्या गुरुजींना हो म्हणाला, पिठाच्या गिरणीवर भेटेल त्याला हो म्हणाला. शालनला कळेपर्यंत आठ घरी शब्द गेला होता, आणि सुरंगीला अजून नवराच नव्हता.

"पिल्लं काय पिठाच्या गिरणीत पाडणार हाव?" शालनने विचारलं.

सहदेव सुरंगीला टेम्पोत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर निशिगंधा तरुण आणि स्पष्ट बोलणाऱ्या. "काका, गावात पिल्लं काय कमी आहेत? ऑपरेशन करून टाका."

"करू, म्याडम. पण एक वेत होऊ दे. आठ घरं वाट बघतायत."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण सुरंगीला तपासलं. दात पाहिले, वजन केलं, कानामागच्या गोचिड्या काढायचं औषध दिलं. "आधी जंताचं औषध, मग राहिलेल्या लसी. हे सगळं गाभण राहण्याच्या आधी. नंतर मनाने काही द्यायचं नाही. आणि नर बघाल तो निरोगी बघा, लस टोचलेला. रस्त्यावरचा कुठलाही नाही."

हे शेवटचं फार जड गेलं. सुरंगी माजावर आली तशी पंचक्रोशीतली कुत्री मोहित्यांच्या दगडी गडग्याबाहेर येऊन बसली. काळी, पांढरी, लंगडी, एक तर चक्क हायवेपलीकडून आलेलं. सहदेव काठी घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा. "रांगेत बसलात तरी सोडणार नाय!" असं तो त्यांना ओरडून सांगायचा, आणि ती खरोखरच रांगेत बसायची.

नर मिळाला गुहागरला, रावजीच्या सासुरवाडीला. वाघ्या नावाचा, नारळी-पोफळीच्या बागेत वाढलेला धिप्पाड गडी. सहदेवने सुरंगीला आंघोळ घातली, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला. रावजीही कोट घालून आला. तिथे पोचल्यावर सुरंगीने वाघ्याकडे पाहिलं, एक जांभई दिली आणि त्याच्या ताटातला सगळा भात खाऊन टाकला. वाघ्या बिचारा बाजूला बसून राहिला.

"पसंत नाय वाटतं," रावजी हळहळला.

"अरे, जेवली म्हणजे पसंत," सहदेव म्हणाला.

त्याचं खरं ठरलं. तिथे दोन दिवस राहून सुरंगी परत आली. महिन्याभराने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चिपळूणला सोनोग्राफी झाली. पडद्यावर राखाडी धुक्यात काहीतरी लुकलुकत होतं. "हे ठोके," तिथले डॉक्टर म्हणाले. सहदेवने टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नाही. बाहेर येऊन त्याने मुंबईला दीप्तीला, लेकीला, फोन लावला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की रस्त्यावरच्या दोन रिक्षावाल्यांनीही अभिनंदन केलं.

मग वाडीत सुरंगीचे लाड सुरू झाले. ज्याला ज्याला पिल्लू कबूल होतं तो तो काहीतरी घेऊन येऊ लागला. सखूने लाडू आणले, रावजीने सुकट, गुरुजींनी कॅल्शियमची बाटली. सुरंगी कुणालाच नाही म्हणेना. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वजन बघितलं आणि त्या सहदेवकडे बघत राहिल्या.

"काका, हिला कोण खायला घालतं?"

"वाडी."

"वाडीला सांगा, पुरे. गोड बंद, मीठमसाला बंद, सुकट बंद. कॅल्शियम तर अजिबात नको, उलट अपाय होतो. भात, अंडं, काटा काढलेली मासळी. आता शेवटच्या दिवसांत पोटात जागा नसते, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. रोज हळूहळू चालवा. पण धावणं, उड्या बंद."

धावणं बंद म्हणजे माकडं बंद. आणि नेमकी काजूला बोंडं धरली होती.

माकडांना बातमी कशी कळते देव जाणे. दुसऱ्याच दिवशी कळप उतरला. सुरंगी साखळीला हिसके देऊन विव्हळायला लागली. तिचा जीव कासावीस झालेला सहदेवला बघवेना. त्याने लुंगी खोचली आणि साठीचा तो माणूस काजूच्या झाडांतून भुंकत सुटला. अगदी भुंकत. पाठोपाठ रावजी भुंकला. मग सखू डबा बडवत आली. गुरुजीही आले; ते भुंकले नाहीत, पण हातवारे फार केले. माकडं इतकी चक्रावली की पऱ्यापलीकडे जाऊन थांबली. परत आल्यावर सुरंगीने सहदेवचे हात चाटले, आणि तो धापा टाकत हसत सुटला. शालन पायरीवर बसून डोळ्यांतलं पाणी पुसत होती. "तीस वरसं संसार केला, पन असा नवरा आज बघितला," ती म्हणाली.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. वाडीची प्रकृती सुधारली.

दरम्यान सहदेवने पडवीच्या कोपऱ्यात आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून एक मोठा खोका केला होता. आत जुनी गोधडी, बाजूंना लाकडी पट्ट्या, म्हणजे आई वळली तर पिल्लू चिरडणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जागेची सवय आधीच लावा. पण सुरंगी खोक्याकडे ढुंकूनही बघेना. सहदेवने आत अंडं ठेवलं. तिने अंडं नेऊन बाहेर खाल्लं.

मग एका सकाळी तिने जेवण सोडलं. अंगण उकरायला लागली, अंगही गार लागत होतं. डॉक्टरांनी सांगितलेली हीच लक्षणं. सहदेवची पाचावर धारण बसली. "बाय माझे, ये ना आत," त्याने विनवलं. ती येईना. शेवटी, कसं ते दाखवायला, तो स्वतःच खोक्यात जाऊन बसला. गुडघे हनुवटीला टेकले होते. सुरंगी थोडा वेळ बघत राहिली. मग सावकाश आली, त्याच्या मांडीशी टेकून आडवी झाली आणि कळा द्यायला लागली.

"शालन! अगो शालन! मी हलू काय?"

शालनने डोकावून पाहिलं. "हलू नका. तिनं धरलंय तुमाला."

तो उठू लागला की सुरंगीही उठायची. म्हणून तो बसून राहिला. शालनने फोन त्याच्या कानाला लावून धरला आणि डॉक्टरांनी पलीकडून सांगितलं, "शांत राहा, हात लावू नका, ती सगळं करेल. खूप जोर लावूनही काही आलं नाही तर लगेच घेऊन या."

पहिलं पिल्लू आलं. ओलं, मुठीएवढं. सुरंगीने त्याला चाटून चाटून रडवलं. थोरला मुलगा महेंद्र झाला तेव्हा सहदेव बोरिवलीच्या गाडीवर होता, दीप्ती झाली तेव्हा कुंभार्ली घाटात. शालनला ते आठवलं असणार, कारण ती खोक्याच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "असं असतंय. बघून घ्या."

"तू दोनदा केलंस हे?"

"दोनदा. आनि खोका पन नवता."

दोघंही हसायला लागली, इतकी की सुरंगीने मान वर करून त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

दुपारपर्यंत पाच झाली. चार तांबूस, एक काळं. बाहेर गडग्यावर अख्खी वाडी जमली होती, सहदेवने खोक्यातूनच हुकूम दिला, "कोणी आत यायचं नाय! बाळंतीण हाय!" रावजीने गडग्यावरूनच विचारलं, माझं कुठलं? तेवढ्यावरून तिथे जुंपली. शालन चहाची किटली घेऊन बाहेर गेली आणि निवाडा करून आली: पिल्लं दोन महिने आईजवळ राहतील, लसी टोचल्यावर दोन-दोन घरांत मिळून एक, आणि जो भांडेल त्याला नाही. सगळे गप्प चहा प्यायले. सहदेवला उठवायला मात्र दोघांना हात द्यावा लागला. पाय बधिर झाले होते.

पिल्लं वाटली गेली तेव्हा वाडीत सण असल्यासारखं झालं. काळं मात्र डॉक्टर निशिगंधांनी मागून घेतलं. त्यांच्याच दवाखान्यात, दूध आटल्यावर, सुरंगीचं ऑपरेशनही झालं. टाके सुकल्यावर तिला घरी आणताना सहदेव टेम्पोत मागे तिच्याशेजारी बसला. ती फळीवर हनुवटी ठेवून वारा खात होती, कान मागे उडत होते. वळण आलं की सहदेव तिला एका हाताने धरी आणि ड्रायव्हरला ओरडून सांगे, "हळू रे, हळू! आत पाशिंजर हाय!"