काकांच्या टाकीतले मासे

माझी मावशी लोकांचे कपडे अंगाबरोबर करून देते. ढगळ असेल ते आवळायचं, आखूड असेल ते उसवून वाढवायचं, चेन बदलायची. हात सफाईदार आणि तोंड फटकळ. खाता तुम्ही आणि उसवते मी, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावते. गिऱ्हाईक तरीही परत येतंच.

तिच्या मशीनशेजारी माशांची टाकी आहे. ती काकांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची हौस. पाणी बिनदुधाच्या चहासारखं. नवख्याला वाटतं, बाईने वर्षभर टाकी धुतलेली नाही. पण हे मासे मुळात जंगलातल्या काळसर पाण्यातले. त्यांच्यासाठी तळाशी बदामाची वाळकी पानं घालतात आणि तीच हळूहळू रंग सोडतात. मासे नखाएवढे, अंगावर एक लाल रेघ, आणि भित्रे इतके की दिवा मंद करून गप्प बसल्याशिवाय पानांखालून बाहेर येत नाहीत.

काका लिफ्टचे फिटर होते. कामावर पडले आणि गुडघा कायमचा अधू झाला. दोन पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दोन. संध्याकाळी दारापासून टाकीजवळच्या खुर्चीपर्यंत ते असे येत, आणि काचेआड मासेही त्यांच्याबरोबर सरकत, थांबत, सरकत. खाणं येतंय हे त्यांना कळे. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

काकांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या वेळचे मासे केव्हाच मेले. आताचे सगळे त्यांच्या पश्चात जन्मलेले. तरी संध्याकाळ झाली की ते सरकतात, थांबतात, सरकतात.

परवा मावशीने मला बोलावलं. तिची लेक बाळंत झाली होती आणि आता मावशी कायमची तिच्याकडे राहायला निघाली होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली. टाकी मला द्यायची ठरलं होतं. मी जाण्याआधी एक काम कर, म्हणाली. "मी घरात नसताना इथे बसून बघ. इतक्या वर्षांत ह्यांची चाल मलाच लागली असेल. मला बघून मासे तसं करत असतील, तर मी सुटले."

सुटले हा शब्द मला खटकला. काकांना सगळे देवमाणूस म्हणत. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. फक्त मावशी कुठे निघाली की तेही चपला घालून दाराशी उभे. माहेरी काय, लेकीकडे काय, ती कधी एकटी राहिली नाही. किती जीव आहे बायकोवर, असं आम्ही म्हणायचो.

मावशी बाजारात गेल्यावर मी दिवा मंद केला आणि काकांच्या खुर्चीत बसले. बराच वेळ पानं तेवढी दिसत होती. मग मासे वर आले. दाराकडच्या टोकाला जमले. सरकले, थांबले, सरकले. अगदी माझ्यासमोर येऊन थांबले आणि सगळ्यांनी तोंडं थोडी वर केली, माझ्या डोक्याच्याही वर. मोठं माणूस आलं की उठायचं, ही लहानपणची सवय. मी उठून खुर्ची मोकळी केली.

मावशी आली तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. तिने मला पाहिलं, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवून ती खुर्चीशीच बोलली, "मी लेकीकडे चालले आहे. आता मला जाऊ द्या."

मासे वळले. सरकले, थांबले, सरकले, आणि दाराकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काचेपलीकडे तिची बॅग होती.

मावशीने बॅगेकडे पाहिलं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तिला फोन लाव. सांग, आई येत नाही. घरात तान्हं बाळ आहे तिच्या."