न वाचलेली शेवटची ओळ
कोऱ्या जीन्सचा वास आला की मला उल्हासनगरचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो; खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. लिनक्सवरच्या वेब सर्व्हरला, म्हणजे वेबसाइटची पानं पुरवणाऱ्या प्रोग्रामला, पीएचपीचा कोड चालवणारं मॉड्यूल जी आधी जोडेल तिला लॅब असिस्टंटची नोकरी, असं सरांनी सांगितलं होतं. चामटोली गावाहून येणारी, मराठी शाळेत शिकलेली माझी मैत्रीण माझ्या पुढे होती आणि तिची झरझर चालणारी बोटं बघून मी जळत होते. पण तिच्या वेबपानावर निकालाऐवजी नुसता कोडच दिसत होता. "तू इंग्लिश मीडियमची ना? सूचना वाच ना गं," ती म्हणाली. मी वाचलं, समजावलं, फक्त शेवटची ओळ गिळली: बदल केल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करा. बराच वेळ झटून ती वैतागली. "आमचा टीव्ही रुसला की आम्ही असंच करतो," म्हणत तिने अख्खा कॉम्प्युटरच बंद करून चालू केला, त्याबरोबर सर्व्हरही रीस्टार्ट झाला, आणि पान नीट उघडलं. "शाब्बास! सोमवारपासून ये," सर म्हणाले. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "सर, हिने सगळं वाचून दाखवलं म्हणून जमलं." मी हसले. आता सर्व्हर रीस्टार्ट करणं माझं रोजचंच काम आहे, आणि तिचं ते 'सगळं' अजून ऐकू येतं.